लोखंडाला जर्मनचा जोड

ज्ञानबा पहिल्यांदा कामासाठी आला तेव्हा मी त्याला दारातूनच वापस लावणार होतो. हिंगोलीत एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत माझं वर्कशॉप. पाणबुडी मोटरीचे शाफ्ट, हळद पॉलिश करायच्या ड्रमची बेरिंगं, ट्रॅक्टरचे नांगर, जे येईल ते आमी करायचो. आणि हा माणूस दारात उभा. खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा, आणि म्हणतो, मिलिंग मशीन चालवता येतं मला.

मी म्हणलं, "मेंढरं कुठं बांधून आलास बाबा?"

तो हसला न्हाई, चिडला बी न्हाई. "मेंढरं बापानं राखली, शेट. मी औरंगाबादला कारखान्यात होतो. मशीन दावा, करून दाखवतो."

माझ्याकडं लिलावात घेतलेलं एक जुनं मिलिंग मशीन होतं. त्याच्यावर काम करायला माणूस मिळत नव्हता, म्हणून मी त्याच्यावर चहाचे कप ठेवायचो. ज्ञानबानं कप खाली ठेवले, मशीन पुसलं, आणि दुपारपर्यंत एका गिअरचे तुटलेले दात नवे काढून दिले. मी दुसऱ्या दिवसापासून ये म्हणलं. तोंडात साखर ठेवून बोलणं मला जमत न्हाई, त्यामुळं वर हेही म्हणलं की उशीर केलास तर हाकलून देईन. त्यानं कधी उशीर केला न्हाई.

तो सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा. घरी बायको चंद्रभागाबाई, थोडी कोरडवाहू जमीन, बापाकडून आलेली मेंढरं, आणि एकच लेक, मोहिनी. हप्ताभर तो माझ्याच वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहायचा, स्वतःच्या हातानं भाकरी थापायचा, आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं गावाकडं जायचा. औरंगाबादची चांगली नोकरी सोडून हिंगोलीत काहून आलास, असं मी एकदा विचारलं. "पोरीसाठी," म्हणला, आणि परत कामाला लागला.

ही पोरगी चालायला लागली आणि तिला ताप आला होता. ताप चार-आठ दिवसांनी उतरला, पण डावा पाय लोंबता राहिला. पोलिओ. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्या भागात अशी लेकरं गावोगाव दिसायची. ज्ञानबा औरंगाबादला पैसे कमवत होता, आणि इकडं चंद्रभागाबाई लेकराला पाठीवर बांधून रानात, मेंढरामागं, आणि पुढं शाळेतही नेत होती. चौथीपर्यंत शाळा घराजवळ होती. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं, आणि पोरगी आता पाठीवर घेण्याइतकी लहान न्हाई. शाळेत जायचं तर तिला स्वतःच्या पायानं जायला पाहिजे होतं. ज्ञानबाच्या जिवाला तेवढा एकच घोर होता.

पायाला कॅलिपर होतं. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही अंगाला उभ्या पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, आणि खाली टाचेखालून गेलेली एक वाकवलेली पोलादी पट्टी. सगळा भार त्या खालच्या पट्टीवर. पहिलं कॅलिपर सगळं लोखंडाचं होतं, ते त्या काडीसारख्या लेकराला उचलवायचं न्हाई. फरफटत न्यायची, मांडी सोलून निघायची. मग एका शिबिरात हलकं मिळालं. उभ्या पट्ट्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या. आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. टाचेखालची पट्टी मात्र पोलादाचीच, कारण तिथं जर्मन टिकत न्हाई, वाकतं. आणि जिथं जर्मन लोखंडाला भेटतं तिथं, घोट्यापाशी, रिवेट.

शिबिरवाल्यांचं काही चुकलं नव्हतं. गुळगुळीत फरशीवर ते रिवेट जन्मभर टिकले असते. साखऱ्याच्या दगड-ढेकळात ते ढिले व्हायचे, भोक मोठं व्हायचं, मग भोकापासून जर्मनला चीर जायची, आणि पोरगी चालता चालता कोसळायची. ज्ञानबा नवा रिवेट मारून द्यायचा, तो बी ढिला व्हायचा. एकदा हनुवटी फुटली, एकदा समोरचा दात गेला. तेव्हा चंद्रभागाबाईनं सांगून टाकलं, "आता एकदा पडली की शाळा बंद. माज्या डोळ्यापुढं घरात बसंल, पन जित्ती राहील."

ज्ञानबानं हे मला सांगितलं ते सोमवारी सकाळी, मशीन पुसता पुसता. मग म्हणला, "शेट, काम सुटल्यावर मशीन वापरू का? रिवेटबिगर जोड करून बघायचा हाय."

मी म्हणलं, "लोखंड आणि जर्मन कधी जुळलेत का रे? वेल्डिंग करून बघ, सगळं पाघळून जाईल."

त्यानं करून बघितलं. मी म्हणलं तसंच झालं. लोखंडाला अजून लाली चढायची न्हाई तवर जर्मन लोण्यासारखं खाली गळायचं. गॅसवर पावडर लावून केलं, तर चिकटल्यासारखं दिसलं आणि गार झाल्यावर हातानं पापडासारखं मोडलं. मला वाटलं आता गप बसेल. पण शेवटी त्यानं मला औरंगाबादची गोष्ट सांगितली.

तिथं कारखान्यात एक साहेब होते. ते नव्या तऱ्हेचा जोड बसवायच्या मागं लागले होते, आणि त्यांच्या हाताखाली मशीनवर ज्ञानबा असायचा. ते धातू वितळवतच नव्हते. वर जर्मनची पट्टी, खाली लोखंडाची, दोन्ही घट्ट आवळलेल्या. वरून कडक पोलादाची एक बोथट खुंटी गरगर फिरवत दाबायची. घासण्यानंच जर्मन इतकं तापतं की कणकीसारखं मऊ होतं. पाघळत मात्र न्हाई. खुंटी त्याला जागच्या जागी मळते, आणि लोखंडाच्या अंगाला जाम धरायला लावते. मग खुंटी वर उचलायची, की झालं. ना ठिणगी, ना धूर.

"म्हणजे वर्कशॉपमधी आता कणीक मळणार आपण," मी म्हणलं. "उद्या पाटी लावतो बाहेर, पोळ्या मिळतील म्हणून."

"मशीन देता का तेवढं सांगा," तो म्हणला.

आता असं बोलल्यावर काय करावं माणसानं. दिलं.

पुढं दोन-तीन महिने संध्याकाळी माझ्या मशीनचे नुसते हाल. पट्टा घसरायचा. खुंट्या मोडायच्या, लेथवर नवी खुंटी करायची, भट्टीत तापवून तेलात विझवून कडक करायची, परत मोडायची. खुंटी लोखंडापर्यंत पोचली न्हाई तर जोड धरत न्हाई, जास्त खाली गेली तर खुंटीचा तुकडा आतच राहतो. मी घरी निघताना रोज दोन शिव्या घालायचो आणि जायचो. सकाळी येऊन बघावं तर बाकावर फसलेल्या तुकड्यांचा ढीग, आणि हा माणूस पुढच्या तुकड्याच्या कडा कानशीनं घासून राहिलेला.

एका संध्याकाळी त्यानं मला हाक मारली. शिकंज्यात लोखंडाची पट्टी धरलेली, तिच्यावर जर्मनची. वर एक गोल ठसा, मधी खळगा. "मारा," म्हणला, आणि घण माझ्या हातात दिला. मी मारला. जर्मनची पट्टी वाकली, आणखी मारला तर दुमडली, शेवटी वर चिरली, पण जोड जागचा हलला न्हाई. माझा घाम निघाला. मी घण खाली टाकला आणि त्याच्या पाठीत एक जोराची थाप मारली. लई आनंद झाला मला, खोटं कशाला सांगू.

कॅलिपरला जोड केल्यावर त्यानं वर लाल रंग आणि त्यावर ऑइलपेंट लावला. साहेबांनी त्याला बजावलं होतं, दोन जातीचे धातू एकमेकांना लागून असले आणि मधी ओल गेली की जर्मन आतून सडतं, पाण्यापासून सांभाळायचं. त्यानं घरी बी सांगितलं, पावसात भिजवू नका, ओढ्यात घालू नका.

मोहिनीला तो वर्कशॉपमधी घेऊन आला. दोन वेण्या, समोरचा एक दात न्हाई. लेथपासून दारापर्यंत चालली, दारापासून परत लेथपर्यंत. कोणाचा हात न धरता. मी विचारलं, "कसं वाटतं गं?" तिनं बापाकडं बघून सांगितलं, "हलकं हाय बा." त्या दिवशी मी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

ती पाचवीला जायला लागली. अख्खं वर्ष गेली. ज्ञानबा शनिवारची गाडी पकडायला निघायचा ते आता अंघोळ करून, भांग पाडून. मी चिडवायचो, कोणाच्या लग्नाला चाललास का म्हणून.

सहावीची शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. मोहिनी शाळेतून घरी येत होती, ओढ्यावरचा फरशीपूल उतरताना घोट्यापाशी जोड निखळला आणि ती खाली दगडात पडली. मोडला तो चांगला पाय. उजवा.

तिला हिंगोलीला दवाखान्यात आणलं. आमी दोघं धावत गेलो. प्लास्टर घातलेलं, पोरगी छताकडं बघत पडलेली. चंद्रभागाबाईनं नवऱ्याला आत येऊ दिलं, आणि बोलली ते सगळ्या वॉर्डनं ऐकलं. "गरगर फिरवून कुटं लोखंड-जर्मन जुळतं व्हय? दुनियेनं कधी केलं न्हाई ते तुमी माज्या लेकरावर करून बघितलं. एक पाय देवानं नेला, दुसरा तुमी नेला."

ज्ञानबानं तुटलेलं कॅलिपर उचललं आणि वर्कशॉपमधी आला.

त्यानं ते बाकावर ठेवलं आणि छिन्नीनं दुसऱ्या बाजूचा जोड उकलला. मी शेजारी उभा होतो. घणानं हलला न्हाई असा जोड, आणि तो आता नुसत्या छिन्नीनं उघडला. आत जर्मन खाऊन गेलेलं, पांढरी भुकटी झालेली, जुन्या भिंतीला खार फुटावा तशी. त्यानं बोटानं भुकटी उचलली आणि जिभेला लावली. मी म्हणलं, "अरे खातोस काय?"

"खारट लागून राहिलं," तो म्हणला. "मीठ हाय ह्याच्यात."

संध्याकाळी आमी परत दवाखान्यात गेलो. चंद्रभागाबाई खाली भाकरी आणायला गेली होती. ज्ञानबा लेकीच्या उशाशी बसला आणि हळूच विचारलं, "मोहिनी, कॅलिपर कशात भिजत होतं का गं?"

"न्हाई बा. पावसात गेले न्हाई, ओढ्यात बी न्हाई." मग म्हणली, "माय रोज ऊन पान्यात उभी करती तेवढंच. शाळंतून आल्यावर. मीठ टाकून, घमेल्यात. मंग पायाची सूज उतरती."

"कॅलिपर काढून?"

"काढल्यावर मी उभी कशी राहू, बा?"

आता हे मेंढरं राखणाऱ्या घरातच होऊ शकतं, ते सांगतो. मेंढरू लंगडायला लागलं की ही माणसं त्याला कढत मिठाच्या पाण्यात उभं करतात. उभंच करायचं असतं. अंगाचा भार पडला की खूर फाकतं आणि पाणी आतपर्यंत जातं. बसलेल्या मेंढराला गुण येत न्हाई, असं ते मानतात. चंद्रभागाबाईनं आईकडून, सासूकडून हेच बघितलेलं. लंगडणाऱ्या लेकराला तिनं तेच केलं. पाऊस न्हाई, ओढा न्हाई, नवऱ्यानं सांगितलेलं सगळं पाळलं. घमेल्यातलं पाणी हे तिच्या लेखी औषध होतं. वर्षभर, शाळेचा एक दिवस न चुकवता. रविवारी शाळा नसायची, सूज नसायची, म्हणून ज्ञानबाला ते कधी दिसलंच न्हाई.

माझं डोकं फिरलं. मी उठलो. म्हणलं, "थांब, मी आत्ताच सांगतो वैनीला. सगळ्या वॉर्डापुढं बोलली न तुला, आता सगळ्या वॉर्डापुढं ऐकू दे."

ज्ञानबानं दारात माझं मनगट धरलं. मशीनवर काम करणाऱ्या माणसाची पकड, मला सोडवता येईना. "न्हाई शेट. तिला कळलं की तिच्या हातानं लेकराचा पाय मोडला, तर ती परत लेकराच्या पायाला हात लावनार न्हाई. तिला मी वळखतो. इतकी वर्षं मी बाहेर होतो. पाय चोळला तिनं, शेकला तिनं, पाठीवर वागवला तिनं. तिच्याकडं तेवढंच हाय."

"आणि तुझं काय?"

"माझं काय," तो म्हणला. "जोड तुटला म्हनजे जोड करनाऱ्याचा तुटला."

चंद्रभागाबाई भाकरी घेऊन आली. ज्ञानबा तिच्यापुढं उभा राहिला आणि म्हणला, "बघितलं मी उकलून. माझाच जोड कच्चा होता."

तिनं वर बघितलं बी न्हाई. "मला ठावं होतं," म्हणली आणि लेकीला घास भरवायला बसली. मी बाहेर जाऊन बाकड्यावर बसलो. मला लई वाईट वाटलं.

पाय जुळायला दिवाळी उजाडली. तोवर ज्ञानबानं घरी ओसरीच्या खांबाला मोहिनीच्या काखेच्या उंचीवर एक लाकडी दांडी बसवली. बायकोला म्हणला, दांडीला धरून उभी राहू दे, कॅलिपर काढत जा, कातडीला पानी चांगलं लागंल. चंद्रभागाबाईला ते पटलं. दांडी धरून पोरगी उघड्या पायानं घमेल्यात उभी राहायला लागली. मिठाचा बंदोबस्त असा झाला, आणि कॅलिपर मिठापासून लांब ठेवलंय हे चंद्रभागाबाईला कळलं न्हाई.

नवं कॅलिपर त्यानं त्याच मशीनवर, तसंच केलं. गावाकडं घेऊन गेला आणि सोमवारी तसंच परत आणलं. पिशवीतून काढून बाकावर ठेवलं.

"न्हाई म्हनली," तो म्हणला. "तुमच्या हातचं परत लेकराच्या पायाला लागनार न्हाई, म्हनली."

शाळा सुरू होती. मोहिनी घरी बसून कोकरं सांभाळत होती. मी म्हणलं, आता तरी खरं सांग. पोरीची शाळा जाऊन राहिली, तुझ्या गप बसण्यापायी. दोन दिवस तो काम करत राहिला. तिसऱ्या दिवशी ते कॅलिपर माझ्या टेबलावर ठेवून म्हणला, "शेट, हे तुमी न्या."

"मी काहून?"

"तुमी केलं असं सांगू. तुमच्या हातचं ती घेईल. तुमाला मानती ती."

मी त्याला वाट्टेल ते बोललो. म्हणलं, खोटं बोलायला मला वकील समजलास का? तो म्हणला, "तुमी काही बोलूच नका. नुसतं पुढं करा. बोलायचं ते मी बोलीन." आणि माझ्यापुढं हात जोडले. त्या माणसानं कधी पगार वाढवून मागितला नव्हता, सुट्टी मागितली नव्हती. मी गेलो.

ओसरीवर चंद्रभागाबाईनं माझ्या हातातून कॅलिपर घेतलं. घोट्यापाशी अंगठ्यानं दाबून बघितलं, दोन्ही हातांनी पिळून बघितलं. गोल ठसा बघून विचारलं, "हे बी तसंच फिरवून केलं का?"

ज्ञानबा खांबापाशी उभा होता. "तसंच, पन शेटनं केलं," तो म्हणला. "शेटचा हात येगळा. मला ते साधलं न्हवतं."

तिनं मान डोलावली. "बगा, ह्याला म्हनतात काम. भाऊ, तुमी आधीच केलं असतं तर लेकरू वाचलं असतं." मी आढ्याकडं बघत राहिलो. मोहिनी पट्टे बांधून घेत होती. तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं न्हाई. ती बापाकडं बघत होती, आणि तिचे डोळे भरलेले होते. घमेल्याची गोष्ट तिला बापानं त्या दवाखान्यात विचारली होती, आणि पोरगी काही भोळी नव्हती.

ती चालली. सहावी, सातवी, दहावी. वाढत्या पायासाठी कॅलिपर बदलत गेलं, आणि दर खेपेला ज्ञानबानं केलं आणि मी नेऊन दिलं. एकही जोड परत तुटला न्हाई. दर खेपेला चंद्रभागाबाईचं मला चहा, गूळ-शेंगा देणं, आणि निघताना पाया पडणं. ज्ञानबा तिथंच असायचा, मला गाडीपर्यंत पोचवायला यायचा. वाटेत एकदा मी म्हणलं, हे मला सहन होत न्हाई रे. तो म्हणला, "पोरगी चालून राहिली न, शेट."

मोहिनी बारावीत असताना तो गेला. मशीनसमोरच छाती धरून बसला. रिक्षात घातला, पण दवाखाना गाठला न्हाई. मी त्याला साखऱ्याला घेऊन गेलो.

तेराव्याला गेलो. मांडवात सोयरे, गावातली माणसं बसलेली. जेवणाआधी पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायची आमच्याकडं पद्धत आहे. चंद्रभागाबाईनं सगळ्यात आधी मला पुढं बोलावलं. हातात टोपी घेऊन ती मांडवाकडं वळली.

"ह्या भावानं माज्या लेकराला पायावर उभं केलं," ती म्हणली. "मोहिनीच्या बाचा जीव लई होता लेकरावर. लई खटपट केली त्यानं. पन त्याच्या हातात कसब न्हवतं, बिचाऱ्याच्या."

माणसांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणलं, व्हय, भला मानूस होता. मी बोलायला तोंड उघडलं. आईच्या मागं मोहिनी उभी होती, कोणाचा हात न धरता. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, न्हाई म्हणून.

मी मान खाली घातली. चंद्रभागाबाईनं टोपी माझ्या डोक्यावर ठेवली.